पाकिटातली छोटी पुडी

जनुकीय बदल केलेल्या पिकांवरचा वाद शहरात बहुधा ताटापासून सुरू होतो. आपण काय खातो आहोत, पोटात काय जाईल, मुलांना काही होईल का? जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादला हा विषय शेतातून कळतो. मका, सोयाबीन आणि कपाशी ही इथली खरिपाची पिके. त्यांतली कपाशी जवळजवळ सगळी बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेली आहे. शाळा सोडून नुकत्याच शेतीला लागलेल्या पोराने बिगर-बीटी कपाशीचे शेत बहुधा पाहिलेलेच नसते. बीटी कपाशीने काय दिले आणि काय नेले याचा हिशेब करायला दोन दशकांहून जास्त काळाचा अनुभव हाताशी आहे. तो हिशेब हसनाबादच्या बांधावर बसून करणे मला जास्त खरे वाटते.

त्यात या जिल्ह्याचा संबंध नुसता पिकापुरता नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी सुरू केली. भेंडीच्या बियाण्यापासून वाढत गेलेल्या या कामासाठी १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. याच महिकोने अमेरिकेच्या मोन्सॅन्टोकडून बीटी जनुक असलेली कपाशी भारतात आणली. केंद्र सरकारने १९९५ मध्ये जी आयात मंजूर केली ती होती फक्त १०० ग्रॅम सरकीची. ‘कोकर ३१२’ या अमेरिकन वाणाची ही सरकी. तिच्यातले जनुक महिकोने वर्षानुवर्षे संकर करून आपल्या देशी हवामानातल्या वाणांत उतरवले. चाचण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २६ मार्च २००२ रोजी तीन संकरित वाणांना लागवडीची परवानगी मिळाली. नंतरच्या दहाएक वर्षांत देशातले नव्वद टक्क्यांहून जास्त कपाशीचे क्षेत्र बीटीखाली गेले. भारतात शेतकऱ्याने कायदेशीरपणे मोठ्या क्षेत्रावर लावलेले जनुकीय बदलाचे पीक आजही हे एकच.

बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस. हा मातीत राहणारा जिवाणू आहे. १९०१ मध्ये जपानमध्ये इशिवाता या शास्त्रज्ञाला तो प्रथम सापडला तो मरणाऱ्या रेशीमकिड्यांत. आज जालन्यात रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, कितीतरी शेतकरी तुती लावतात. त्यांना हे माहीत असलेले बरे, कारण बीटीच्या जिवाणूची फवारणी तुतीवर उडाली तर रेशीमकिड्यांना धोका असतो. कपाशीतल्या बीटीचा मात्र तुतीशी संबंध येत नाही. तिथे जिवाणू नसतोच. त्याच्यातले एक प्रथिन तयार करणारे जनुक तेवढे कपाशीच्या पेशीत बसवलेले असते, आणि ते प्रथिन झाड स्वतःच पानात, पात्यात, बोंडात तयार करते.

बोंडअळीने ते खाल्ले की तिच्या आतड्यातल्या अल्कधर्मी रसात ते विरघळते. तिथले पाचक रस त्याचे तुकडे करतात आणि त्यातला एक तुकडा आतड्याच्या भिंतीवरच्या ठरावीक जागी जाऊन बसतो, कुलपात किल्ली बसावी तसा. भिंतीला छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते आणि दोन-तीन दिवसांत मरते. माणसाच्या जठरात आम्ल असते, आणि ते कुलूप आपल्या आतड्यात नसते. म्हणून अळीला मारणारी ही गोष्ट आपल्या शरीरात इतर प्रथिनांसारखी पचून जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ मध्ये शेकडो अभ्यास तपासून जो अहवाल दिला, त्यातही बाजारात आलेल्या जनुकीय पिकांमुळे माणसाच्या आरोग्याला इतर अन्नापेक्षा जास्त धोका असल्याचा पुरावा मिळाला नाही, असेच म्हटले आहे. आणि ‘आपण जीएम खात नाही’ ही समजूत तर केव्हाच खोटी ठरली आहे. सरकीचे तेल खाण्यात येते. सरकीची पेंड गाई-म्हशींना जाते आणि त्यांचे दूध चहात येते. परदेशातून येणाऱ्या सोयाबीन तेलातही बहुतेक माल जीएम सोयाबीनचाच असतो. प्रत्येक नव्या पिकाची स्वतंत्र तपासणी व्हायलाच हवी, यात शंका नाही. पण खाण्याची भीती हा या पिकांवरच्या आक्षेपांतला सर्वांत कच्चा भाग आहे, असे माझे मत झाले आहे. पक्का भाग शेतात आहे.

आधी फायदा नीट मान्य केला पाहिजे. बीटीपूर्वीच्या कपाशीची आठवण असलेला कोणताही शेतकरी हिरव्या बोंडअळीचे नाव काढले की अस्वस्थ होतो. अमेरिकन बोंडअळीही म्हणतात तिला. नव्वदच्या दशकात ही अळी औषधांना दाद देईनाशी झाली होती. फवाऱ्यावर फवारे मारायचे, औषधे एकमेकांत मिसळून मारायची, आणि तरीही सकाळी पाती आणि कोवळ्या कैऱ्या खाली पडलेल्या. बीटी आल्यावर ही अळी कपाशीतून जवळपास हटली. देशाचे कापूस उत्पादन २००१-०२ मध्ये १५८ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये ३९८ लाख गाठींवर गेले. सगळे श्रेय जनुकाला देता येत नाही. याच काळात गुजरातेत ओलीत वाढले, खते वाढली, नवे संकरित वाण आले, कपाशीखालचे क्षेत्र वाढले. तरी काथागे आणि कैम या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रासह चार राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांची २००२ ते २००८ या काळातली माहिती तपासली, तेव्हा बीटीमुळे एकरी उत्पादन २४ टक्क्यांनी आणि नफा ५० टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना दिसले. त्या वर्षांत कपाशीच्या पैशावर घरावर स्लॅब पडलेली, विहीर खोदलेली घरे मराठवाड्यात आहेत. त्यांना बीटीने काहीच दिले नाही असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मग बिघडले कुठे? त्याचे उत्तर बियाण्याच्या पाकिटातच होते.

बीटीच्या पाकिटात ४५० ग्रॅम बीटी सरकी असायची आणि सोबत १२० ग्रॅमची एक छोटी पुडी. त्या पुडीत बिगर-बीटी सरकी. नियम असा की शेताच्या कडेने पाच ओळी, किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांत जे जास्त भरेल तेवढी ही साधी कपाशी लावायची. तिला आश्रय-पीक म्हणतात. अळीला मुद्दाम खायला घालायचे हे पीक. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण त्यामागचे गणित साधे आहे. लाखो अळ्यांत एखादी अशी असते की तिला बीटी पचते. बाकी सगळ्या मेल्या आणि अशा दोनच उरल्या, तर त्यांचीच पिढी पुढे वाढते. शेजारी साधी कपाशी असेल तर तिथे बीटीला बळी पडणारे पतंगही जगतात. बीटी पचवणाऱ्या दुर्मीळ पतंगाचा संग मग बहुधा यांच्याशीच होतो, आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरतात. प्रतिकार रोखण्याची ही एवढीच सोय होती, आणि ती त्या छोट्या पुडीत बंद होती.

ती पुडी बहुतेकांनी लावली नाही. यात शेतकऱ्याला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. दोन-चार एकर कोरडवाहू रानातला पाचवा हिस्सा अळीच्या नावाने सोडा, हे त्याला कोणी समजावून सांगितले? दुकानदाराने पाकीट विकले, कंपनीने माहितीपत्रक छापले, कृषी खात्याने नियम काढला. पुडीतली सरकी कधी उगवायची नाही, कधी तिला मुख्य वाणापेक्षा वेगळ्याच वेळी फुले यायची. शेतकऱ्याने ती बाजूला ठेवली, फेकली किंवा तुटाळ्या भरायला वापरली. पुढे बॅगेतच काही टक्के बिगर-बीटी सरकी मिसळून द्यायची पद्धत आणली गेली. तोवर गुलाबी बोंडअळी पुढे निघून गेली होती.

या अळीचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. हिरवी बोंडअळी तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते. हसनाबादच्या शिवारात तिला बिगर-बीटी आश्रय आपोआपच मिळत राहिला, आणि म्हणून ती बीटीला अजून मोठ्या प्रमाणावर भारी पडलेली नाही. गुलाबी अळी मात्र जवळपास कपाशीवरच जगते. सगळी कपाशी बीटी झाली म्हणजे तिच्यापुढे दोनच वाटा उरल्या: बीटी पचवणे किंवा संपणे. एका जनुकाच्या बीटीला ती भारी पडल्याचे गुजरातेत दिसले आणि २०१० मध्ये मोन्सॅन्टोनेही ते मान्य केले. २००६ पासून बाजारात असलेले दोन जनुकांचे ‘बोलगार्ड-२’ तोवर सगळीकडे पसरले होते. तेही २०१४-१५ च्या सुमारास निकामी होऊ लागले. आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राची कपाशी या अळीने उद्ध्वस्त केली.

त्या वर्षीची कैरी ज्याने फोडून पाहिली त्याला ती विसरता येणार नाही. वरून कैरी हिरवीगार, टणक, कुठे डाग नाही. अंड्यातून निघालेली अळी केसासारखी बारीक असताना आत शिरते आणि तिचे छिद्र बुजून जाते. फोडले की आत पिवळट पडलेली रुई, एकमेकींना चिकटलेल्या पोखरलेल्या सरक्या आणि त्यांत गुलाबी रंगाची, तपकिरी डोक्याची अळी. फुलावर हल्ला झाला तर पाकळ्या उमलत नाहीत, गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहतात. त्याला डोमकळी म्हणतात. बाहेरून फवारलेले औषध आतल्या अळीला लागतच नाही. जी बोंडे फुटतात त्यांतून कवडी निघते आणि वेचणीची मजुरी मात्र पूर्ण द्यावी लागते. सरकारने त्या डिसेंबरमध्ये नुकसानीपोटी कोरडवाहूला हेक्टरी ३०,८०० आणि बागायतीला ३७,५०० रुपयांची मदत जाहीर केली. आधीच्या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे गेली होती. फवारा कमी करील म्हणून आणलेल्या पिकात हे घडले, हे विसरता कामा नये.

फवाऱ्याचा हा भाग नीट पाहावा लागेल. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा काहीही परिणाम होत नाही, कारण या किडी रस शोषतात आणि हे प्रथिन त्यांच्यासाठी नाही. संकरित बीटी वाण लुसलुशीत वाढतात, त्यांना युरिया जास्त दिला जातो आणि रसशोषक किडींना ते आवडतात. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी २०२० मध्ये वीस वर्षांचा आढावा घेतला. शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्यापूर्वीपेक्षा जास्त खर्च करतात, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणजे २००८ पर्यंतचा नफा खरा आणि त्यानंतरची घसरणही खरी. दोन्ही अभ्यास वेगवेगळ्या वर्षांकडे बघत होते.

याच अळीला अमेरिकेने कसे तोंड दिले ते पाहिले की मन खट्टू होते. ॲरिझोनात शेतकऱ्यांनी १९९६ पासून आश्रय-पीक खरोखर लावले. नंतर त्याच्या जोडीला कोट्यवधी वंध्य पतंग शेतांवर सोडले. २०१८ मध्ये अमेरिकेने आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले. चीनमध्ये यांग्त्से खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसऱ्या पिढीची सरकी लावली. त्यांतली चौथा हिस्सा झाडे बिगर-बीटी निघाली, शेतातच आश्रय तयार झाला आणि अळीचा प्रतिकार वाढण्याऐवजी मागे हटला. अळी तीच आणि प्रथिनही तेच होते, बदलली ती लावण्याची रीत. म्हणूनच ‘बीटी चांगली की वाईट’ या प्रश्नाला मी एका शब्दात उत्तर देत नाही. जनुक चांगले होते. त्याच्याभोवतीची व्यवस्था आपण उभारलीच नाही.

व्यवस्थेतला सर्वांत मोठा दोष म्हणजे भारतात बीटी जवळपास फक्त संकरित वाणांतून आली. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये, ऑस्ट्रेलियात सरळ वाण लावतात, हेक्टरी लाखाच्या आसपास झाडे, आणि पीक लवकर उरकतात. आपल्याकडे चार बाय दीड फुटांवर लावले तर एकरी सात हजारांच्या आसपास झाडे बसतात. झाड मोठे होते, पाती-फुले महिनोन्महिने येत राहतात आणि अळीला जेवणाचा खंड पडत नाही. संकरित सरकी पुढच्या वर्षी घरची वापरता येत नाही, म्हणून दर जूनला नवी बॅग. २००६ पूर्वी ही बॅग १,६०० रुपयांच्या वर होती. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगापुढे लढा दिल्यावर दर उतरले, आणि आता केंद्र सरकार कमाल किंमत ठरवते. २०२४ मध्ये ती ८६४ रुपये होती. एकरी दोन बॅगा लावल्या आणि जूनचा पाऊस दडी मारून बसला, की दुबार पेरणी. पुन्हा दोन बॅगा. ओलिताचा शेतकरी हे सोसतो. हसनाबाद परिसरातल्या कोरडवाहूवाल्याला ते कर्जातून सोसावे लागते. शेतकरी आत्महत्यांचे खापर थेट बीटीवर फोडणे मला पटत नाही. आत्महत्या बीटीच्या आधीही होत होत्या, आणि पाऊस, भाव, सावकार ही कारणे जुनी आहेत. पण बियाण्याचा हा खर्च त्या कर्जात भर घालतो, एवढे नक्की.

आता पुढचा वाद दारात येऊन ठेपला आहे. तणनाशक सहन करणारी बीटी कपाशी, जिला सगळे ‘एचटीबीटी’ म्हणतात, तिला भारतात परवानगी नाही. महिकोने २०१६ मध्ये आपला अर्जच मागे घेतला. तरी हे बियाणे वर्षानुवर्षे चोरून विकले जाते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी ते उघडपणे लावून सत्याग्रह केला. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, ही त्यांची मागणी. निंदणीला माणूस मिळत नाही, आणि पावसाची झड लागली की तण कपाशीच्या वर जाते. ही अडचण शंभर टक्के खरी आहे.

पण तोटे त्याहून जवळचे आहेत. चोरीच्या बियाण्याला बिल नसते. उगवले नाही, वेगळेच निघाले, तर तक्रार कुणाकडे करणार? ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचे तर कपाशीच्या ओळींमधली तूर, मूग, उडीद सगळे जळते, आणि कोरडवाहू घराला वरणाची डाळ याच आंतरपिकातून मिळते. निंदणीच्या रोजावर चालणाऱ्या बायांचे काम जाते, त्याचा विचार कुठल्याच अर्जात नसतो. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की तणेही त्याला सरावतात. अमेरिकेत राजगिऱ्याच्या जातीतल्या तणाने हेच केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला संभाव्य कर्करोगकारकांच्या गटात टाकले. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते मान्य नाही. केंद्र सरकारने २०२२ मध्ये त्याची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांनाच करता येईल असा आदेश काढला. या सगळ्यात गुलाबी अळीचाच धडा पुन्हा समोर येतो आहे: सोय आधी पोहोचते आणि ती टिकवण्याचे नियम मागे राहतात.

बीटी वांग्याचेही असेच अर्धवट राहिले. तेही महिकोचेच काम. शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीसाठी वांग्यावर दिवसाआड औषध मारले जाते, आणि ते वांगे बाजारात येते. म्हणून बीटी वांग्याला केंद्रीय समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये हिरवा कंदील दिला. मग तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपूरला झाली, आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यावर स्थगिती आणली. वांग्याचे मूळ घर भारत आहे, आणि भरिताची, भरल्या वांग्याची, काटेरी अशा स्थानिक वाणांत जनुक पसरले तर काय, हा प्रश्न रास्त होता. पण महिकोचेच जनुक बांगलादेशाने आपल्या सरकारी वाणांत घेतले आणि २०१४ पासून तिथले शेतकरी ते लावत आहेत. सरळ वाण, सरकारी बियाणे, पुन्हा पेरता येणारे. आपण तो प्रश्न सोडवलाही नाही आणि अभ्यासून नाकारलाही नाही. भोकरदनच्या मक्यावर २०१८ नंतर लष्करी अळी आली तेव्हाही हेच. जगात बीटी मका आहे, आपल्याकडे नाही, आणि तो हवा की नको यावर गावात कुणी चर्चाही घडवून आणली नाही.

हसनाबादच्या शेतकऱ्याच्या हातात आज जे आहे ते जुनेच, पण उपयोगाचे. १ जूनच्या आधी कपाशी लावायची नाही. एकरी दोन कामगंध सापळे लावायचे. सलग तीन रात्री सापळ्यात आठ-आठ पतंग दिसले की फवाऱ्याची वेळ आली. दर आठवड्याला एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहायची. डोमकळ्या तोडून नष्ट करायच्या. आणि सर्वांत अवघड म्हणजे फरदड घ्यायची नाही. जानेवारीनंतर एक पाणी देऊन अजून दोन वेचण्या मिळतात, हा मोह मोठा असतो. पण त्याच फरदडीत, बांधावर रचलेल्या पऱ्हाटीत आणि जिनिंगच्या सरकीत अळी पुढच्या पावसाची वाट पाहत झोपून राहते. हे एका शेतकऱ्याने करून भागत नाही. सारे शिवार एकदम मोकळे झाले तरच अळीची साखळी तुटते. ग्रामसभेत ठराव करून गावाने एकत्र घ्यायचा हा निर्णय आहे.

बियाण्यातला बदल मात्र वरूनच यायला हवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने नांदेडच्या केंद्रात १९८४ मध्ये ‘एनएचएच ४४’ हा संकरित वाण दिला होता, आणि तो मराठवाड्याने वर्षानुवर्षे डोळे झाकून लावला. याच केंद्राने आता ‘एनएच १९०१’, ‘एनएच १९०२’ आणि ‘एनएच १९०४’ हे बीटी सरळ वाण दिले आहेत. यांची सरकी शेतकरी पुढच्या वर्षीसाठी घरी राखू शकतो, झाडे दाट लावू शकतो, आणि दुबार पेरणीची वेळ आली तर नवी बॅग न घेता निभावून नेऊ शकतो. २००२ पासून आपण जे मागायला हवे होते ते हेच. हे बियाणे पुरेशा प्रमाणात तयार करून, बिलासह, मे महिन्यात हसनाबादच्या कृषी सेवा केंद्रात ठेवणे हे काम विद्यापीठ, महाबीज आणि कृषी खात्याचे आहे, आणि ते झाले की नाही हे दुकानात जाऊन विचारण्याचा हक्क इथल्या प्रत्येक कापूसवाल्याचा आहे.